तिसऱ्या अपत्याची हरकत

"साहेब, या उमेदवाराला तीन अपत्यं आहेत. अर्ज बाद करावा."

समोरचे वकील एवढंच बोलले आणि त्यांनी एका शाळेचा बोनाफाईड दाखला टेबलावर सरकवला. मी माझ्या अशिलाकडे पाहिलं. शोभाताई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दाखल्याकडे त्यांनी बघितलंच नाही. नजर खाली, हातातला रुमाल घट्ट पिळलेला.

शिरूरच्या नगरपरिषद निवडणुकीची छाननी चालू होती. छाननी म्हणजे भरलेल्या अर्जांची तपासणी. अर्ज भरायची मुदत संपली की निवडणूक निर्णय अधिकारी सगळे अर्ज एका ठिकाणी बसून तपासतात. त्यांना आम्ही आरओ म्हणतो. तिथे उमेदवार, वकील आणि सूचक हजर राहू शकतात. सूचक म्हणजे त्याच प्रभागातला एखादा मतदार, जो उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करतो. दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घ्यायची असेल तर ती तिथेच घ्यायची. लोकांना वाटतं निवडणूक मतदानाच्या दिवशी होते. माझ्या अनुभवाने बऱ्याच जणांची निवडणूक छाननीच्या टेबलावरच उरकते.

मी शिरूरच्या कोर्टात वकिली करते. राहायला तळेगाव ढमढेऱ्याला. एरवी वाटपाचे दावे, पोटगी, चेक बाऊन्स असली कामं. निवडणुका लागल्या की उमेदवारांचे अर्ज भरून द्यायचे. ते काम दिसतं तितकं सोपं नसतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट सही करून जमा करायची. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. घरात शौचालय हवं. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. मालमत्ता आणि पोलीस केसेस यांचं शपथपत्र. आणि अपत्यं किती, याचं घोषणापत्र. कायद्यात ठरलेल्या तारखेनंतर तिसरं मूल झालेलं असेल तर नगरसेवक होता येत नाही.

शोभाताईंचा प्रभाग त्या वेळी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाला होता. त्या शिलाईचं काम करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, बाहेर 'ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको' अशी पाटी. नवरा दिलीप रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीची बस चालवायचा. त्यांच्या गल्लीत पाणी दिवसाआड यायचं आणि तेही करंगळीएवढं. शोभाताई बायका घेऊन नगरपरिषदेत जायच्या, पाणीपुरवठ्याच्या माणसाला गल्लीत घेऊन यायच्या आणि व्हॉल्व्ह उघडेपर्यंत सोडायच्या नाहीत. जागा राखीव निघाल्यावर त्याच बायका त्यांना माझ्या ऑफिसात घेऊन आल्या. एका पॅनेलनेही त्यांना घ्यायचं ठरवलं. पॅनेल म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांचा गट.

घोषणापत्र भरताना मी विचारलं होतं, "तुम्हाला अपत्यं किती?"

"दोन. दोन्ही मुलगेच," त्या म्हणाल्या होत्या.

मी दोन लिहिलं. आता टेबलावर पडलेला दाखला आठवीतल्या प्रज्ञा नावाच्या मुलीचा होता. आईच्या नावापुढे शोभाताईंचं नाव. वडिलांच्या नावापुढे दिलीपचं.

आरओ साहेबांनी चष्मा काढला. माणूस शांत होता. सकाळपासून त्यांनी एकावरही आवाज चढवला नव्हता.

"ताई, ही मुलगी तुमची आहे का?"

मी शोभाताईंच्या हातावर हात ठेवला. थांबा, असं सांगायचं होतं. पण त्या उभ्या राहून मोकळ्या झाल्या होत्या.

"व्हय. माझीच हाय."

मागून कोणीतरी हसलं. समोरचे वकील म्हणाले, "संपलं तर मग. उमेदवारानेच कबूल केलं."

मी उठले. "साहेब, लेखी उत्तर द्यायला वेळ हवा."

"कबुलीनंतर कसला वेळ?" समोरचे वकील.

साहेबांनी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "उद्या सकाळी कामकाज सुरू होताना उत्तर द्या. त्यापुढे मला देता येणार नाही."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी चिडले होते. अशिलाने वकिलापासून लपवलं की वकील चिडतोच.

"शोभाताई, तिसरं मूल आहे तर मला दोन का सांगितलंत?"

"दोनच हायेत मॅडम. मला झालेले दोनच."

"आणि प्रज्ञा?"

त्या भिंतीला टेकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीची हाय. रेखाची. बाळंतपणात ताप आला, त्यात गेली ती. तान्ही पोरगी मी आणली. शाळेत टाकताना मास्तरांनी आईचं नाव विचारलं. मी माझंच सांगितलं. दुसरं काय सांगणार?"

"मुलीला माहीत आहे?"

"न्हाई."

"तिच्या वडिलांचं काय?"

"केडगावला हायेत. विलासराव. तिथं स्टेशनाजवळ गाड्या दुरुस्तीचं गॅरेज हाय त्यांचं. दुसरं लगीन केलं त्यांनी. प्रज्ञा त्यांना केडगावचे काका म्हणती. वर्षातनं एकदा येत्यात, तिला ड्रेस आणत्यात. मापात कधीच बसत न्हाई. मी उसवून बेतते."

माझा राग गेला. डोक्यात वकिली चालू झाली. कायद्यात अपत्य म्हणजे पोटी जन्मलेलं मूल. दत्तक मूल मोजतच नाहीत. म्हणजे त्यांनी दिलेलं घोषणापत्र खरं होतं. विलासरावांनी येऊन सांगितलं, मुलीचा जन्मदाखला दाखवला, की हरकत पडेल.

मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजी उद्या सगळ्या लोकांम्होरं सांगायचं, की ही माझी पोरगी न्हाई."

"तुमच्या पोटची नाही, एवढं."

"नको मग. मी अर्ज मागं घेते. मला न्हाई व्हायचं नगरसेवक."

अर्ज मागे घेता येतो. छाननीनंतर त्याला काही दिवस दिलेलेच असतात. पण तो उपाय आता लागू पडणार नव्हता. मी माझा फोन त्यांच्यासमोर धरला. प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दाखल्याचा फोटो आधीच पडला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'तीन पोरं आणि नगरसेवक व्हायची हौस.' त्याच्याखाली दुसऱ्या कोणीतरी: 'ती तिची नाहीच. बहिणीची आहे. जुन्या लोकांना विचारा.'

त्यांनी ते वाचलं. फोन परत दिला.

"तुम्ही माघार घेतली तरी हे मुलीच्या कानावर जाणार," मी म्हणाले. "आज नाही तर उद्या शाळेत कोणीतरी सांगेल."

"शाळा सुटायला अजून वेळ हाय," त्या म्हणाल्या. "चला मॅडम. आधी तिला सांगते. मग बाकीच्यांना. तुम्हीबी या. कायद्याचं काय विचारलं तर मला सांगता यायचं न्हाई."

असल्या कामाला वकील जात नाही. माझी फीसुद्धा अर्ज भरण्यापुरतीच ठरली होती. पण नाही म्हणवलं नाही.

प्रज्ञा आली तेव्हा शोभाताई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या होत्या. मशीन बंद. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर. मुलीने दप्तर ठेवलं, माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि आईचा चेहरा बघून तिथेच थांबली.

"अर्ज बाद झाला का?"

"न्हाई अजून. बस इथं."

शोभाताईंनी फार लांबण लावली नाही. रेखा कोण, ती कशी गेली, प्रज्ञा या घरात कशी आली, सगळं सांगितलं. मध्ये एकदा तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि पुढे बोलल्या. मी खाली फरशीवर पडलेल्या चिंध्यांकडे बघत बसले. दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"केडगावचे काका?" प्रज्ञाने विचारलं.

"व्हय."

मुलगी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार नव्हतं, पडदा होता. तो तिने ओढून घेतला. शोभाताई उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर. डोळे लाल होते, पण आवाज नीट होता.

"मॅडम, उद्या तुम्ही काय सिद्ध करणार?"

"तुझा जन्म शोभाताईंच्या पोटी झाला नाही, एवढंच."

"आणि नाही सिद्ध झालं तर?"

"तर त्यांना तीन अपत्यं आहेत असं धरतील आणि अर्ज बाद होईल."

ती म्हणाली, "म्हणजे हरलं तर मी हिची. आणि जिंकलं तर नाही."

बत्तीस वर्षं वकिली करते आहे. कोर्टात इतकं नेमकं मला कोणी अडवलेलं नाही. मी दत्तकाचा कायदा सांगू लागले, पण माझंच मला ते पोकळ वाटलं.

शोभाताई म्हणाल्या, "प्रज्ञा, तू म्हणशील तर मी उद्या जातच न्हाई. अर्ज गेला तर गेला."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "लोक काय म्हणतील मग? की तू खोटं लिहिलं." मग माझ्याकडे वळून, "केडगावला जाणार आहात ना? मी येणार."

"तू कशाला?" मी म्हणाले.

"येऊ द्या," शोभाताई म्हणाल्या. "तिचा हक्क हाय."

दिलीपची ड्युटी होती, म्हणून माझ्या गाडीतून निघालो. न्हावऱ्यावरून पारगाव, तिथून केडगाव. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर वेग घेता येत नव्हता. शोभाताई माझ्या शेजारी, प्रज्ञा मागे. भीमेचा पूल ओलांडताना शोभाताईंनी एकदा मागे वळून विचारलं, "खिडकी लावू का?" मागून काच वर गेल्याचा आवाज आला.

विलासराव गॅरेजात एका मोटारसायकलचं चाक काढत बसले होते. गाडीतून आधी मी उतरले, मग शोभाताई. त्यांना बघून ते हसत उठले. मागून प्रज्ञा उतरली आणि ते हसू गेलं. न सांगता त्यांना कळलं होतं.

त्यांनी आम्हाला मागच्या घरात नेलं. त्यांची बायको मंदा चहा टाकायला उठली. मी कामाचं बोलले: उद्या शिरूरला यायचं, आरओंसमोर जबाब द्यायचा, जन्मदाखला आणायचा.

विलासराव हाताचं ग्रीस पुसत राहिले. पुसून झाल्यावरसुद्धा पुसतच राहिले.

"वकीलबाई, मी तिथं सांगायचं की पोरगी माझी हाय. मग लोक म्हणणार, ह्यानं पोरगी टाकली आन् दुसरं लगीन केलं. माझी गिऱ्हाइकं पार शिरूरपर्यंत हायेत."

"म्हणतील," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

मंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. "लोक म्हणतील ते म्हणू द्या. ह्या पोरीच्या नावानं तुम्ही दरसाल मला न सांगता ड्रेस घेता. मला काय कळत न्हाई व्हय? उघड बोला आता एकदा. जीव हलका होईल तुमचा."

तेव्हा प्रज्ञाने विचारलं, "मला का दिलं तुम्ही?"

विलासराव खाली तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"दिलं न्हाई गं. तवा घरात बाईमाणूस कुणी न्हवतं. माझी आई आधीच वारलेली. तू वरचं दूध घेत न्हवतीस, सारखी रडायचीस. शोभाताईचा धाकटा तवा अंगावर पीत हुता. त्या म्हणाल्या, माझ्याकडं द्या, माझं दूध दोघांना पुरंल. महिनाभरासाठी म्हणून नेलं तुला. महिन्यानं न्यायला गेलो. तू ताईंच्या मांडीवर झोपलेली, हातात त्यांचा पदर धरून. मी दारातनंच म्हणलो, राहू द्या ताई, ही तुमचीच. आन् मागं फिरलो."

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. प्रज्ञाने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळाने पाहिलं होतं!

मला मात्र त्या बोलण्यात एक कायद्याची गोष्ट सापडली होती. दत्तक जायला कागदच लागतो असं नाही. देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याने घेतलं, हे महत्त्वाचं. 'ही तुमचीच' असं म्हणून बाप मागे फिरला, हे देणं-घेणंच होतं. त्या कायद्यात एक अट आहे, की घरात मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. इथे दोन मुलगेच होते. दोन्ही कुटुंबं बौद्ध, पण हिंदूंचा हा दत्तक कायदा बौद्धांनाही लागू होतो. म्हणजे उद्या मला दोन्ही गोष्टी मांडता येणार होत्या: ती शोभाताईंच्या पोटची नाही, आणि तरीही ती त्यांची आहे.

परतीच्या वाटेवर मी हे प्रज्ञाला समजावून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "हे असं दोन्ही लिहितील का ते?"

"मी मागणी करेन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. विलासराव इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच आले होते. सोबत मंदाही होती, तिला बाहेर थांबावं लागलं. प्रज्ञाला शोभाताईंनी शाळेत पाठवलं होतं.

समोरचे वकील तयारीतच होते. "काल माझीच म्हणाल्या, आज नाही म्हणणार. साहेब, उमेदवार सोयीने बोलतायत."

साहेबांनी विलासरावांचा जबाब घेतला. जन्मदाखला पाहिला. त्यात आईचं नाव रेखा. मग त्यांनी शोभाताईंना उभं केलं.

"ताई, काल तुम्ही एक सांगितलंत. आज मी पुन्हा विचारतो. नीट विचार करून सांगा."

मी त्यांच्याकडून एका वाक्याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते त्यांनी दिलंच नाही.

"साहेब, मी काल बी खरंच बोलले. पोटची न्हाई. पण माझीच हाय. माझ्या दुधावर वाढली. तुम्ही पोटाचं विचारता का पोरीचं, ते मला काल कळलं न्हाई."

समोरचे वकील उठले, काही बोलणार होते, पण बसले. चांगला माणूस आहे तो. त्याच्या अशिलाने सांगितलं तेवढं काम त्याने केलं होतं.

मी दत्तकाचा मुद्दा मांडला. साहेबांनी ऐकून घेतला आणि टंकलेखकाला मजकूर सांगितला. "सादर पुराव्यावरून सदर अपत्य उमेदवाराचे नाही. हरकत फेटाळण्यात येते. नामनिर्देशनपत्र वैध ठरविण्यात येते."

"साहेब, 'दत्तक' एवढा एक शब्द घाला," मी म्हणाले. "नुसतं 'उमेदवाराचे नाही' असं नको."

"वकीलबाई, दत्तक ठरवणारा मी कोण? मी फक्त जन्म बघायचा. त्यापुढचं दिवाणी कोर्टाचं काम."

"मुलगी तेरा वर्षांची आहे साहेब. ती हे वाचेल."

नियमाच्या बाहेर जायला त्यांना जागा नव्हती, हे मलाही कळत होतं. "तुम्ही दत्तकपत्र नोंदवून घ्या," ते हळू म्हणाले. "तो कागद माझ्या कागदापेक्षा मोठा. आणि ताई, शुभेच्छा. असं मी कोणाला म्हणायचं नसतं."

आम्ही जिंकलो होतो. पॅनेलची पोरं बाहेर शिट्ट्या मारत होती. मी निर्णयाची प्रत शोभाताईंपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"ती तुमच्याकडंच ठेवा मॅडम. माझ्या घरात नको."

चिन्ह मिळालं, प्रचार सुरू झाला. आठवड्याच्या आत विरोधकांच्या कोपरासभेत भाषण झालं: "जी बाई खुर्चीसाठी स्वतःच्या पोरीला नाही म्हणाली, ती तुमची काय होणार?" कोपरासभा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी घेतलेली छोटी सभा. ते भाषण मोबाईलवर घरोघर पोचलं.

पॅनेलप्रमुख, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, शोभाताईंना घेऊन माझ्या ऑफिसात आले.

"वकीलबाई, दत्तकपत्र उद्याच्या उद्या करा. पोरीला नवा ड्रेस, हार, पेढे. व्हिडिओ काढू. एका दिवसात वारं फिरतं की नाही बघा."

कायद्याने अडचण काहीच नव्हती. मी शोभाताईंकडे पाहिलं.

"निवडणूक झाल्याशिवाय न्हाई," त्या म्हणाल्या.

"अहो, झाल्यावर काय उपयोग?"

"म्हणूनच आप्पा. आत्ता केलं तर ती आयुष्यभर म्हणंल, मतांसाठी केलं."

"शोभा, मतं जातील."

"जाऊ द्या."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते अनुभवी राजकारणी होते, त्यांनी पुष्कळ उमेदवार उभे केले होते. "असला उमेदवार मला अवघडच जातो," ते म्हणाले आणि उठले. पण पाठिंबा काढला नाही, हे त्यांचं मोठेपण.

घरात काय चाललं होतं ते मला दिलीपकडून कळायचं. प्रज्ञा बोलायची, पण कामापुरतं. 'जेवण वाढ', 'वही संपली'. आई म्हणायची नाही. बोलायचं असलं की जवळ येऊन उभी राहायची आणि हाक न मारताच सुरू करायची. शोभाताई दिवसभर घरोघर फिरायच्या आणि रात्री मशीनवर बसायच्या, कारण लग्नसराईची कामं घेऊन ठेवलेली होती.

एका संध्याकाळी मी मतदार यादीच्या कामासाठी त्यांच्या गल्लीत गेले. शोभाताई पाच-सात बायकांबरोबर एका दारातून दुसऱ्या दारात चालल्या होत्या. चप्पल तुटली होती, ती त्यांनी हातात घेतलेली. मागे प्रज्ञा होती. शाळेच्या ड्रेसवरच. तिने त्यांच्या खांद्यावरची पत्रकांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली होती.

मी तिला बाजूला घेतलं. "प्रज्ञा, प्रचारात लहान मुलं आणायची नाहीत असा नियम आहे. कोणी फोटो काढला तर आणखी एक तक्रार होईल."

"मी प्रचाराला नाही आले. आईला चालवत नाहीये, म्हणून आलेय."

शोभाताई पुढे चालत होत्या. त्या थांबल्या. मागे वळल्या नाहीत. एका बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या पुन्हा चालू लागल्या.

पिशवी मी घेतली आणि मुलीला घरी पाठवलं. नियम तो नियम. त्यानंतर ती घरी थांबून ब्लाऊजांना हुक लावायची, म्हणजे आईला तेवढं कमी.

निकाल लागला. शोभाताई पडल्या. फार मतांनी नाही, शंभराच्या आत. मतमोजणीच्या ठिकाणी आप्पा म्हणाले, "तेवढा व्हिडिओ केला असता तर निघाली असती." ते बरोबर होते. हिशेब मीही मनात केला होता. शोभाताईंनी निवडून आलेल्या बाईंना हात जोडले आणि विचारलं, "पाण्याचं कधी बघता?" त्या बाई अजून गुलालातच होत्या. "बघू की," म्हणाल्या.

मला वाटलं होतं शोभाताई आठ-दहा दिवस तोंड दाखवणार नाहीत. पडलेले उमेदवार बहुतेक असेच करतात. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेल्या दिसल्या. दिलीप आणि दोन्ही मुलगे होते. केडगावहून विलासराव आणि मंदा आले होते. प्रज्ञाने शाळेला दांडी मारली होती.

"आता करा," शोभाताई म्हणाल्या.

दुय्यम निबंधक कार्यालयात दत्तकपत्र नोंदवलं. देणारे विलासराव, घेणारे शोभाताई आणि दिलीप. साक्षीदारांत मंदाने सही केली, तिने ती आपणहून मागून घेतली. सगळ्यांचे फोटो निघाले, अंगठे झाले. शेवटी प्रज्ञाने विचारलं, "माझी सही कुठे करायची?"

कारकून म्हणाला, "तुझी लागत नाही बाळा. तू अल्पवयीन."

"पण माझ्याबद्दलच आहे ना ते?"

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरंच लागत नाही. तो कायदा असाच आहे, आणि बदलणं माझ्या हातात नाही. तिने थोडा वेळ तोंड फुगवलं. मग सगळे जण बाहेरच्या गाड्यावर मिसळ खायला गेले. तिथे ती कट जास्त मागण्यावरून दोन भावांतल्या धाकट्याशी भांडत होती.

शोभाताई आजही बायका घेऊन नगरपरिषदेत जातात. नगरसेवक बाई त्यांना आधी खुर्ची देतात आणि मग विषय टाळतात. पुढच्या वेळी उभं राहणार का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जागा राखीव निघाली तर बघू. आता लपवायचं तरी काय राहिलं?"

माझ्या कामात एक बदल झाला. निवडणुकीला उभं राहायचं म्हणून कोणी आलं, की जातीचा दाखला, पट्टीची पावती, बँकेचं खातं हे सगळं नंतर. आधी मी दार लावून घेते आणि विचारते, "तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जी घरातल्याच कोणाला तरी माहीत नाही?"

बरेच जण हसून म्हणतात, "आमच्याकडं तसलं काही नाही मॅडम." काही जण न बोलता उठतात आणि दोन दिवसांनी परत येतात. अर्ज मी त्या दुसऱ्यांचा भरते. पहिल्यांना सांगते, घरी जाऊन एकदा विचारून या. नाहीतर विरोधी पॅनेल विचारेल, आणि तेही छाननीच्या टेबलावर.